प्रतिकृती-युद्धनौका व त्यांच्या लढती

प्रतिकृती-युद्धनौका व त्यांच्या लढती : इतिहासात होऊन गेलेल्या एखाद्या युद्धनौकेची ठराविक प्रमाणात लहान केलेली, स्वतःच्या शक्तीने पाण्यावर चालणारी व रेडिओद्वारे नियंत्रित होणारी प्रतिकृती बांधणे, तीवर वायुदाबाने गोळ्या फेकणाऱ्या छोट्या तोफा बसविणे आणि अशा नौकांच्या दोन पक्षांत तळ्यावर लढती करणे, हा यंत्रकौशल्य, इतिहासाभ्यास व क्रीडा यांचा संगम असलेला एक छंद आहे. त्यास १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्यात संघटित स्वरूप प्राप्त झाले. पुढे तो त्या देशाच्या इतर राज्यांत, तसेच कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत पसरला.

नौकांच्या प्रतिकृती हजारो वर्षांपासून बांधल्या जात आहेत. सागरी युद्धाचे पटावरील वा जमिनीवरील खेळही शंभराहून अधिक वर्षे जुने आहेत. परंतु या दोहोंत एक उणीव होती. प्रदर्शनातील प्रतिकृती कधी लढत नसे आणि खेळातील नौका कधी खरोखर बुडत नसे. ती बुडाली असे नियमांच्या आधारे घोषित करावे लागे. प्रस्तुत छंदात ही उणीव दूर झाली. येथे गोळीने नौकेच्या अंगाला प्रत्यक्ष छिद्र पडते, त्यातून प्रत्यक्ष पाणी आत शिरते आणि उत्प्लावकता संपली की नौका प्रत्यक्ष तळाशी जाते. त्यामुळे नौकास्थापत्याचे मूलभूत प्रश्न, म्हणजे वजन, स्थैर्य व जलनिष्कासन, हे बांधणाऱ्यासमोर खऱ्या स्वरूपात उभे राहतात. युद्धाचे अनुकरण म्हणून मात्र या लढतीला निश्चित मर्यादा आहेत. त्यांचा विचार पुढे केला आहे.

पूर्वेतिहास : प्राचीन ईजिप्तमध्ये मृताच्या परलोकप्रवासासाठी थडग्यात लाकडी नौका ठेवीत. मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या सु. चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात १९२० मध्ये सापडलेल्या नौका त्यांतील सूक्ष्म तपशिलांमुळे प्रसिद्ध आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नौदल मंडळाच्या आश्रयाने युद्धनौकांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांचा खालचा भाग फळ्यांनी न झाकता उघडा ठेवण्याची प्रथा होती. त्यामुळे आतील फासळ्यांची रचना पाहणाऱ्यास दिसे. या प्रतिकृती देखण्या होत्या. पण त्या पाण्यात सोडण्यासाठी नव्हत्या.

प्रतिकृती हे ज्ञानाचे साधन होऊ शकते, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. त्यास एका दुर्घटनेची पार्श्वभूमी आहे. ६–७ सप्टेंबर १८७० च्या रात्री स्पेनच्या फिनिस्तेरे भूशिराजवळ ‘कॅप्टन’ ही ब्रिटिश युद्धनौका वादळात उलटली व सु. ४८० माणसे बुडाली. मृतांत तिचा अभिकल्पक कूपर कोल्झ हाही होता. फिरत्या बुरुजांत जड तोफा, वर पूर्ण डोलकाठ्या व शिडे आणि पाण्यावर काठाची उंची अत्यल्प, अशी तिची रचना होती. बांधणीत वजन ठरल्यापेक्षा वाढत गेले आणि मुळातच कमी असलेली काठाची उंची २.४ मी. वरून सु. २ मी.वर आली. वजनातील अशी नकळत होणारी वाढ हा प्रत्यक्ष नौका व प्रतिकृती या दोहोंचा समान शत्रू होय.

नौकांच्या वर्तनाचा प्रयोगाने अभ्यास करणे शक्य आहे, असे विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचे मत होते. १८६७ पासून त्याने डार्ट नदीवर ‘स्वान’ व ‘रेव्हन’ या भिन्न आकारांच्या प्रतिकृती ओढून त्यांना होणारा पाण्याचा रोध मोजला. ब्रिटिश नौदलाच्या अर्थसाहाय्याने टॉर्की येथे त्याने बांधलेल्या लांब हौदात १८७२ पासून मेणाच्या प्रतिकृतींवर प्रयोग सुरू झाले. तत्पूर्वी १८७१ मध्ये ‘ग्रेहाउंड’ ही प्रत्यक्ष नौका ओढून प्रतिकृतीवरील निष्कर्ष त्याने पडताळून पाहिले होते. दोन सरूप नौकांच्या वेगांचे गुणोत्तर त्यांच्या लांबींच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतके असेल, तर त्यांनी उठविलेल्या लाटांचे आकार सारखे असतात, हा त्याचा नियम आजही नौकास्थापत्याचा आधार आहे. लढाऊ प्रतिकृतींचा वेगही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, याच नियमाशी जुळतो.

सागरी युद्धाचा खेळ म्हणून विकास याच सुमारास झाला. अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील नाविक युद्धशास्त्र महाविद्यालयात १८८७ पासून युद्धखेळांचा अभ्यास सुरू झाला. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन याने १८९८ मध्ये आपल्या सागरी युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. जगातील युद्धनौकांची त्याची सुप्रसिद्ध वार्षिक सूचीही त्याच वर्षी प्रथम निघाली. जेनच्या खेळात लक्ष्य-नौकेचे चित्र असलेल्या पत्रिकेवर एका चपट्या पट्टीने फटका मारीत. पट्टीवर एक टाचणी मध्यापासून बाजूला बसविलेली असे. त्यामुळे नेम धरूनही फटका नेमका कोठे बसेल याची खात्री नसे. टाचणीने भोक पडलेल्या ठिकाणी कवच किती जाड आहे, यावरून नुकसान ठरविले जाई. अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट याच्या खेळात (नियम प्रसिद्ध, १९४०) मोठ्या दालनाच्या जमिनीवर एका इंचास पन्नास फूट या प्रमाणाच्या लाकडी नौका मांडीत व खेळाडू केवळ नजरेने अंतराचा अंदाज बांधून मारा घोषित करीत. जमिनीवरील युद्धखेळात प्रत्यक्ष प्रक्षेप्य आणण्याचे श्रेय एच्. जी. वेल्स याच्या १९१३ मधील ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकास दिले जाते. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेने लाकडी तुकडे मारून सैनिक पाडावयाचे असत.

हे खेळ केवळ करमणुकीचे नव्हते. १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्‌स याच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या पथकात नौदलातील तरुण स्त्रिया जमिनीवर आखलेल्या समुद्रात खडूने नौकांचे मार्ग काढीत आणि संरक्षक नौकांचे अधिकारी पडद्यातील फटीतून मर्यादित दृश्य पाहून आज्ञा देत. जर्मन पाणबुड्यांविरुद्धचे अनेक डावपेच येथे तपासले गेले. अटलांटिकवरील काफिल्यांतील खलाशांचे प्राण त्यांवर अवलंबून होते.

प्रतिकृतींच्या जाहीर लढाईचे एक जुने उदाहरण इंग्लंडमधील स्कार्बरो येथील पीझम उद्यानात आढळते. तेथे १९२७ पासून तळ्यात नौकायुद्धाचे प्रयोग होत आले आहेत. माणूस आत बसू शकेल एवढ्या मोठ्या या नौका असून त्यांतील बहुतेक आत बसलेली माणसेच चालवितात. तोफांचा धूर व आवाज हे तेथे दारूकामाचे खेळ असतात आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. ते युद्धाचे नाट्य होय, स्पर्धा नव्हे.

दूरनियंत्रणामुळे पुढची पायरी शक्य झाली. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात बिनतारी संदेशांनी चालणारी छोटी नौका दाखविली व त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी त्यास तिचे एकस्व मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर जुन्या युद्धनौकांत ही यंत्रणा बसवून त्यांचा लक्ष्य म्हणून उपयोग करण्यात आला. ‘आयोवा’ ही जुनी अमेरिकन युद्धनौका मार्च १९२३ मध्ये पनामाजवळ अशा रीतीने, एकही माणूस आत नसताना, तोफमाऱ्याने बुडविण्यात आली. मानवरहित, दूरनियंत्रित व प्रत्यक्ष बुडणारी ही नौका पुढील छंदाची एका अर्थाने पूर्ण आकारातील पूर्वजच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनीय घटक लहान व स्वस्त झाले आणि रेडिओ-नियंत्रित नौका व विमाने छांदिष्टांच्या आवाक्यात आली. या साधनांस गोळी मारणाऱ्या तोफेची जोड टेक्समधील छांदिष्टांनी दिली.

प्रमाण व सादृश्य : लढाऊ प्रतिकृतींसाठी १ : १४४ हे प्रमाण सर्वत्र रूढ आहे, म्हणजे नौकेच्या बारा फुटांस प्रतिकृतीचा एक इंच. इंच-फुटांत मोजणाऱ्या देशात हे सोयीचे तर आहेच. शिवाय १४४ हा १२ चा वर्ग असल्यामुळे फ्रूडच्या नियमाची गणितेही सोपी होतात. सामान्यतः १९०० ते १९४६ या काळातील नौका निवडण्याचा दंडक आहे. पोलादी कवच व मोठ्या तोफा यांचे युग याच काळात शिगेला पोहोचले आणि त्याच काळात विमानवाहू नौकांनी ते संपविले (→ युद्धनौका).

लांबी १४४ पटींनी कमी झाली की घनफळ, आणि म्हणून विस्थापन, १४४ च्या घनाने म्हणजे सु. ३० लक्ष पटींनी कमी होते. ‘बिस्मार्क’ ही जर्मन युद्धनौका २५१ मी. लांब, ३६ मी. रुंद व पूर्ण भारासह सु. ५०,००० टन विस्थापनाची होती. तिची प्रतिकृती सु. १७४ सेंमी. लांब, २५ सेंमी. रुंद व सु. १७ किग्रॅ. वजनाची होते. ‘टेक्सस’ या अमेरिकन युद्धनौकेची (१९१४) प्रतिकृती सु. १२१ सेंमी. लांब व सु. ९ किग्रॅ. वजनाची होते. विद्युत् घटमाला, चलित्रे, वायुपात्र, तोफा, पंप व रेडिओ हे सर्व एवढ्या वजनात बसवावे लागते. विनाशिकेसारख्या लहान नौकांचे विस्थापन तर किलोग्रॅमच्या आसपासच येते. त्यामुळे अशा नौकेस शस्त्रसज्ज करणे हे मोठ्या युद्धनौकेपेक्षा अवघड कौशल्याचे मानतात.

वेगाच्या बाबतीत सरळ प्रमाण लावले तर ३० नॉट वेगाची नौका तासाला जेमतेम चारशे मीटर जाईल. वर्गमूळाच्या नियमाने हाच वेग बारापट कमी, म्हणजे २.५ नॉट किंवा सेकंदास सु. १.३ मी. येतो. या वेगाने प्रतिकृतीच्या नाळेवरील लाट प्रत्यक्ष नौकेच्या लाटेसारखी दिसते. शंभर फूट अंतर कापण्यास लागणारे सेकंद मोजून नौकेचा वेग तपासतात. वरील वेगास सु. २४ सेकंद लागतात. नौकेच्या डोलण्याचा कालावधीही बारापट कमी होतो. म्हणूनच समुद्रावर संथपणे डोलणाऱ्या महानौकेची प्रतिकृती तळ्यात चपळपणे हेलकावताना दिसते.

बांधणी : लढाऊ नौकेच्या बांधणीतील मूळ कल्पना अशी, की सांगाडा अभेद्य व टिकाऊ असावा, परंतु बाजूची त्वचा भेद्य असावी. सांगाडा दोन पद्धतींनी करतात. पहिल्या पद्धतीत थरलाकडाचा (प्लायवुडचा) कणा, त्यावर नौकेच्या आडव्या छेदांच्या आकाराच्या फासळ्या व वर डेकची चौकट असते. दुसरीत साच्यावर काचतंतू व राळ यांचे अखंड अंग ओतून घेतात आणि मग त्याच्या बाजूंना खिडक्या कापतात. दोन खिडक्यांमध्ये राहिलेल्या पट्ट्या या फासळ्यांचे काम करतात. फासळ्यांची रुंदी व त्यांमधील अंतर नियमांनी बांधलेले असते, कारण फासळ्या जितक्या दाट तितकी नौका अभेद्य होत जाते.

या सांगाड्यावर बाल्सा लाकडाचा पातळ पत्रा चिकटवितात. बाल्सा हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्ण प्रदेशांत वाढणारा वृक्ष असून त्याचे लाकूड व्यापारी लाकडांत अत्यंत हलके असते. गोळी लागली असता ते तडकून सर्वत्र न फुटता भोक पाडून देते, हा त्याचा गुण येथे महत्त्वाचा ठरतो. चिरफळ्या रोखण्यासाठी त्यावर पातळ तंतुमय कागद चिकटवून रंग देतात. एका पद्धतीत सर्व नौकांना १/३२ इंच (सु. ०.८ मिमी.) जाडीचा पत्रा असतो, तर दुसऱ्या पद्धतीत मूळ नौकेच्या कवचानुसार ही जाडी वाढते. लढतीनंतर छिद्रे ठिगळांनी बुजवितात आणि चाळण झालेली त्वचा काढून नवी बसवितात. सांगाडा तोच ठेवून त्वचा पुनःपुन्हा बदलली जात असल्याने एक नौका अनेक वर्षे लढू शकते.

डेकवरील बुरूज, नियंत्रण-मनोरा, धुराडी व डोलकाठ्या यांचे काम ओळख पटविणे हे असते. ते हलके ठेवावे लागतात, कारण उंचावरील वजन स्थैर्य घटविते. घटमाला मात्र शक्य तितक्या खाली, कण्यालगत बसवितात. पूर्वी यासाठी शिसे-अम्ल घटमाला वापरीत. त्यांचे मोठे वजन खालचे भारण म्हणून उपयोगी पडे. अलीकडे लिथियमयुक्त घटमाला प्रचारात आल्या असून वाचलेले वजन शिशाच्या तुकड्यांनी भरून काढावे लागते. रेडिओचा ग्राही जलाभेद्य पेटीत ठेवतात, म्हणजे बुडालेली नौका बाहेर काढून पुन्हा कामास लावता येते.

शस्त्रसज्जता : तोफेची शक्ती दाबाखालील वायूची असते. स्फोटक दारू वापरली जात नाही. प्रारंभीच्या काळात फ्रिऑन वायूचे डबे वापरीत. ओझोन थरास हानी पोहोचविणाऱ्या अशा पदार्थांवर १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये निर्बंध आले. आता कार्बन डाय-ऑक्साइड सर्वत्र वापरतात. पात्रातील द्रवरूप वायूचा उच्च दाब नियामकाने कमी करून तो लहान संचयपात्रात साठवितात. रेडिओचा संदेश येताच विद्युत् चलित्राने वा विद्युत् चुंबकाने झडप उघडते आणि वायू नळीत घुसतो. नळीच्या मुळाशी रबराचे एक कडे असते. गोळी त्यावर अडून राहते व दाब पुरेसा वाढला की कड्यातून सुटून वेगाने बाहेर पडते. नंतर नलिकेत रांगेने ठेवलेली पुढची गोळी तिची जागा घेते. ही क्रिया वाटते तितकी सोपी नाही. गोळी अडकणे, कडे झिजणे, वायू गळणे आणि वेगाने प्रसरण पावणाऱ्या वायूमुळे झडप गोठणे, या तोफेच्या नित्याच्या व्याधी होत. लढतीआधीचा बराच वेळ त्यांवर इलाज करण्यात जातो.

शस्त्रांच्या बाबतीत दोन मुख्य परंपरा आहेत. पहिलीत सर्व नौकांच्या तोफा ०.१७७ इंच (सु. ४.५ मिमी.) व्यासाच्या गोळ्या जलद मारतात. मोठ्या नौकेस अधिक तोफा मिळतात, आणि तोफा व पंप यांची एकत्र मोजदाद होत असल्याने एकीचा लाभ घेताना दुसऱ्याचा त्याग करावा लागतो. या तोफा बहुधा स्थिर असून त्यांची तोंडे शत्रूच्या जलरेषेवर मारा व्हावा म्हणून खाली झुकविलेली असतात. नेम धरणे म्हणजे येथे नौकाच वळविणे होय. दुसऱ्या परंपरेत गोळीचा व्यास मूळ तोफेच्या व्यासानुसार बदलतो व सर्वांत मोठ्या तोफांस पाव इंची (सु. ६.४ मिमी.) पोलादी गोळी असते. बुरूज फिरविता येतात आणि मारा सावकाश व मोजका असतो. ही दुसरी परंपरा कॅलिफोर्नियात विशेष रुजली. पहिलीत नौकाचालनाचे, तर दुसरीत तोफखान्याचे कौशल्य अधिक पणास लागते.

पाणी, पंप व स्थैर्य : लढतीचा निर्णय छिद्रांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागेवर अवलंबून असतो. जलरेषेखाली २ सेंमी. खोलीवर पडलेल्या ४.५ मिमी. व्यासाच्या एका छिद्रातून, द्रायुगतिकीच्या साध्या नियमानुसार, मिनिटास सु. एक तृतीयांश लिटर पाणी आत येते. अशी दहा छिद्रे पडली तर मिनिटास साडेतीन लिटरच्या आसपास पाणी येते. नऊ किलोग्रॅमच्या नौकेस हा भार फार वेळ सोसणारा नाही. नौका जसजशी खाली बसते तसतशी पूर्वी जलरेषेच्या वर असलेली निरुपद्रवी छिद्रेही पाण्याखाली जातात व अंतर्वाह एकाएकी वाढतो. सुस्थितीत दिसणारी नौका शेवटच्या अर्ध्या मिनिटात झपाट्याने बुडते, त्याचे कारण हेच होय.

याविरुद्ध एकमेव साधन म्हणजे विद्युत् पंप. त्याच्या क्षमतेस नियमांनी मर्यादा घातलेली असते. पाणी पंपापर्यंत लवकर पोहोचावे म्हणून नौकेच्या तळाचा उरलेला भाग भरून काढून मध्ये अरुंद पन्हळ ठेवतात. या पन्हळीचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. रुंद तळावर मोकळे पसरलेले पाणी नौका कलताच त्याच बाजूस धावते व तिला आणखी कलविते. मुक्त पृष्ठाचा हा दुष्परिणाम पृष्ठाच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पाण्याचा पट्टा निम्मा अरुंद केला, की तेवढ्याच लांबीत त्याची उलटविण्याची शक्ती एक अष्टमांश उरते.

प्रत्यक्ष इतिहासात हे तत्त्व अनेकदा रक्ताने लिहिले गेले आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर येथे ‘ओक्लाहोमा’ ही युद्धनौका पाणतीर लागताच एका बाजूस पाणी भरून काही मिनिटांत उलटली आणि तिच्यावरील ४२९ माणसे मृत्यू पावली. तिच्यामागेच नांगरलेल्या ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर विरुद्ध बाजूच्या कप्प्यांत मुद्दाम पाणी सोडण्यात आले. ती सरळ उभी तळाशी टेकली, तिच्यावरील बहुतेकांचे प्राण वाचले आणि पुढे ती दुरुस्त होऊन पुन्हा लढली. याउलट जटलंडच्या लढाईत (१९१६) ‘झायड्‌लित्स’ ही जर्मन युद्धनौका ५,००० टनांहून अधिक पाणी पोटात घेऊनही बंदरात परतली. सूक्ष्म कप्पेबंदी आणि खलाशांचे अविश्रांत परिश्रम यांचे ते फळ होते. प्रतिकृतीत असे खलाशी नसतात. त्यांचे काम बांधणाऱ्यास लढतीपूर्वीच, आपल्या कर्मशाळेत, करून ठेवावे लागते.

लढतीचे नियम : खेळाडू दोन पक्षांत विभागले जातात व सर्व नौका एकाच वेळी उथळ तळ्यात उतरतात. प्रत्येकाने डोळ्यांचे संरक्षण करणारे चष्मे लावणे अनिवार्य असते. एका प्रचलित पद्धतीत जलरेषेवरील भागात पडलेल्या छिद्रास १०, जलरेषेवरच पडलेल्या छिद्रास २५ व तिच्याखालील छिद्रास ५० गुण शत्रुपक्षास मिळतात. नौका बुडाल्यास तिच्या वर्गानुसार मोठे गुण मिळतात. गोळ्या संपलेल्या वा जायबंदी नौकेस लगेच किनारा गाठता येत नाही. माघार घोषित करून तिला आणखी पाच मिनिटे पाण्यावर तग धरावा लागतो आणि लढतीतील उत्कट प्रसंग बहुधा याच पाच मिनिटांत घडतात. काही लढतींत मालवाहू नौकांचे काफिले एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेण्याचे काम असते. प्रत्येक नौकेत दोरीस बांधलेला एक तरंगक असतो. नौका बुडाली की तो वर येतो व तिचे स्थान दाखवितो. पाणी काढून, सांधे पुसून, ठिगळे लावून तीच नौका बहुधा त्याच दिवशी पुन्हा पाण्यात उतरते.

मर्यादा व मूल्यमापन : प्रतिकृतींच्या लढतीत पाण्याची बाजू खरी असली, तरी शस्त्रांची बाजू तशी नसते. ‘बिस्मार्क’च्या ३८ सेंमी. तोफेचा व्यास १ : १४४ प्रमाणात केवळ २.६ मिमी. येतो. प्रत्यक्षात वापरली जाणारी ४.५ मिमी.ची गोळी सु. ६५ सेंमी. व्यासाच्या, म्हणजे कोणत्याही युद्धनौकेवर कधीही नसलेल्या, तोफेची बरोबरी करते. तिच्या ३२ सेंमी. जाड कवचाच्या ठिकाणी येथे सु. ११ सेंमी. जाडीशी तुल्य असे बाल्साचे पापुद्रे असतात. अंतराचेही तसेच आहे. त्या काळच्या युद्धनौका १५ ते २० किमी. वरून मारा करीत. प्रमाणाने हे अंतर शंभर मीटरहून अधिक होईल. प्रतिकृती मात्र दोन-तीन मीटरांवरून लढतात. मूळ प्रमाणात हे अंतर तीन-चारशे मीटर होते. म्हणजेच बाह्यरूप विसाव्या शतकाचे असले, तरी या लढतींचे डावपेच ट्रफॅल्गरच्या (१८०५) शिडांच्या युगाशी अधिक जवळचे आहेत. जवळ भिडणे, शत्रूच्या पिछाडीवर येणे आणि स्वतःचे सुकाणू सांभाळणे यांस येथे महत्त्व असते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. प्रतिकृतीस पाण्याने मरण येते, आगीने नव्हे. जटलंड येथे ‘इंडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ व ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन ब्रिटिश युद्धनौका दारूगोळ्याच्या स्फोटाने नष्ट झाल्या. २४ मे १९४१ रोजी ‘हूड’ ही नौका ‘बिस्मार्क’शी लढताना त्याच रीतीने फुटली व तिच्यावरील १,४१८ जणांपैकी केवळ तिघे वाचले. तीन दिवसांनी ‘बिस्मार्क’ही बुडाली. पाणतीराने सुकाणू निकामी झाल्याने तिचा अंत निश्चित झाला होता. सुकाणू अडकलेली नौका गोल फिरत राहते, हा अनुभव तळ्यावरही येतो. परंतु तिच्यात अडकलेली माणसे तेथे नसतात. ज्या नावांनी हा खेळ खेळला जातो त्यांच्यामागे सामुदायिक जलसमाधी आहेत, याचे भान गंभीर छांदिष्ट बाळगतात. युद्धाचे आकर्षण व त्याची किंमत यांतील हे अंतर कोणत्याही प्रमाणाने लहान होत नाही.

या मर्यादा मान्य करूनही या छंदाचे एक ऐतिहासिक मूल्य उरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक युद्धनौका बुडाल्या किंवा भंगारात गेल्या. ड्रेडनॉट प्रकारातील पहिल्या पिढ्यांपैकी ‘टेक्सस’ ही एकच नौका अवशिष्ट आहे. १९४८ पासून ती ज्या राज्याचे नाव धारण करते तेथेच स्मारक म्हणून जतन केलेली आहे. अन्य नौकांचे आकार केवळ आराखडे व छायाचित्रे यांत उरले आहेत. लढाऊ प्रतिकृती बांधणाऱ्यास हे आराखडे मिळवून त्यांतील प्रत्येक छेद ताडून पाहावा लागतो. विशिष्ट नौका अरुंद का, तिचा काठ एवढा नीचा का, तिच्या बुरुजांचे वजन कोणी सोसले, हे प्रश्न त्याला हाताने सोडवावे लागतात. रुंद नौका स्थिर पण मंद आणि अरुंद नौका वेगवान पण डळमळीत, ही अभिकल्पकाची जुनी कोंडी मग पुस्तकातील वाक्य राहत नाही.

भारतात शस्त्रसज्ज प्रतिकृतींच्या लढतींची परंपरा नाही. तथापि राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत नौका-प्रतिकृती बांधणी हा शिक्षणाचा व स्पर्धांचा भाग असून छात्र भारतीय नौदलाच्या नौकांच्या स्थिर, तसेच पाण्यावर चालणाऱ्या प्रतिकृती बांधतात. दीव येथील स्मारकात ‘खुकरी’ या युद्धनौकेची प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. ही नौका ९ डिसेंबर १९७१ रोजी पाणतीराच्या आघाताने काही मिनिटांतच बुडाली. तळ्यावर दर आठवड्यास बुडून पुन्हा वर येणाऱ्या नौका आणि ही एक जागची न हलणारी नौका, या प्रतिकृतींच्या दोन टोकांच्या उपयोगांत नौकाविद्येचे कुतूहल आणि नाविकांचे स्मरण या दोन्ही प्रेरणा दिसून येतात.